छापील फॉर्म वेबसाइटवर टाकला की दर वर्षी तेच घोळ: कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की आमच्या ट्रस्टचा शिष्यवृत्तीचा फॉर्म निघतो आणि फॉर्म निघाला की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. "ताई, नाव लिहायला जागाच येत नाहीये." "ताई, मोबाइलवर अर्धाच फॉर्म दिसतोय." "मॅडम, पोरीने तासभर बसून भरला आणि पाठवल्यावर सगळा कोरा झाला." मी सांगलीत डीटीपीचं काम करते, हा फॉर्म छपाईसाठी मीच सेट करते आणि ट्रस्टची वेबसाइटही माझ्याकडेच आहे, त्यामुळे कागदाच्या तक्रारी पण माझ्याकडे आणि स्क्रीनच्या पण माझ्याकडेच. दर वर्षी काहीतरी दुरुस्त करायचं, वाटायचं की आता सुटलं, आणि पुढच्या मे मध्ये ये रे माझ्या मागल्या. गेल्या दोन सीझनला मात्र हे फोन जवळजवळ बंद झालेत म्हणून काय काय बिघडत होतं आणि काय केल्यावर थांबलं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण हाच प्रॉब्लेम वाचनालयं, पतसंस्था, वधूवर सूचक मंडळं, हाउसिंग सोसायट्या सगळ्यांकडे बघितलाय.

सगळ्यात आधी तुमच्या हातात आलेली फाइल नक्की काय आहे ते बघा. पीडीएफ उघडा, एखाद्या ओळीवरून माउस ओढा. ओळ सिलेक्टच झाली नाही तर तो स्कॅन आहे किंवा ऑपरेटरने कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅटर कर्व्ह करून दिलंय. प्रेसला फाइल देताना आम्ही कर्व्ह करतोच, फॉन्ट नसला तरी अक्षर हलत नाही म्हणून, पण कर्व्ह केलं की त्या फाइलच्या दृष्टीने ती अक्षरं राहत नाहीत, नुसत्या आकृत्या होतात. त्यातून मजकूर परत मिळत नाही. ऑपरेटरकडे कर्व्ह न केलेली फाइल असेल तर ती मागा, नसेल तर सरळ बसून टाइप करा, दोन पानी फॉर्मचं मॅटर असतं किती, तासाभराचं काम आहे आणि ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखायचं सॉफ्टवेअर) वापरून नंतर चुका शोधण्यापेक्षा ते बरं.

ओळ सिलेक्ट झाली पण नोटपॅडमध्ये पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले स्वर आणि उलटी प्रश्नचिन्हं आली तर तो जुन्या पद्धतीचा फॉन्ट आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख हे सगळे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवून चालायचे. पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती ७.० आली २००१ मध्ये, त्यात युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नव्हतंच, आणि आपल्याकडच्या प्रेसमध्ये पेजमेकर त्यानंतरही वर्षानुवर्षं चालला, त्यामुळे अशा फाइली आजही ढिगाने पडून आहेत. याला कन्व्हर्टर लागतो आणि तो नेमक्या त्याच फॉन्टच्या मांडणीचा लागतो. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टची मांडणी पण वेगळी असू शकते, नव्वद टक्के अक्षरं बरोबर येतात आणि उरलेली दहा टक्के गुपचूप चुकतात.

आणि कन्व्हर्टर बरोबर निवडला तरी एक चूक हमखास राहते, ती डोळ्यांनी शोधावी लागते. आमच्या वेबसाइटवर एक अख्खा सीझन "कुटुंबाचे वाषिर्क उत्पन्न" असं झळकत होतं. त्याच पानावर "आथिर्क" आणि "विद्याथीर्" पण. हे कुठून येतं तर जुन्या फॉन्टमध्ये मॅटर डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने साठवलेलं असतं, म्हणजे "आर्थिक" मध्ये आ, मग पहिली वेलांटी कारण ती डावीकडे दिसते, मग थ, मग त्याच्या डोक्यावरचा रफार, मग क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, आ, मग अर्धा र, मग थ, मग वेलांटी, मग क. कन्व्हर्टर वेलांटी उचलून थ च्या मागे नेतो पण रफार आणायचा विसरतो, तो बिचारा थ आणि क च्या मध्ये अडकतो. यावर सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नका! मी एकदा मारलं आणि "निर्णय" चं "र्निणय" झालं, कारण वेलांटीनंतर अर्धा र येणारे खरे शब्दही असतात. रफार असलेले शब्द फॉर्ममध्ये वीस-पंचवीस निघतील, एकेक बघून घ्या.

तिसरी शक्यता, पेस्ट केल्यावर मराठीच येतं पण जोडाक्षरं तुटलेली किंवा वेलांट्या इकडच्या तिकडे. म्हणजे फॉन्ट युनिकोड आहे पण पीडीएफमधून काढताना गोंधळ झालाय, कारण पीडीएफ कुठली आकृती कुठे ठेवायची एवढंच मुळात लक्षात ठेवतो. अशा वेळी पीडीएफच्या नादी लागायचं नाही, मूळ इनडिझाइन किंवा वर्डची फाइल मागायची, मॅटर तिथून उचलायचं.

आता मुख्य दुखणं. मजकूर शुद्ध झाला तरी फॉर्म चालेना, कारण मी तो कागद जसाच्या तसा स्क्रीनवर आणायचा प्रयत्न करत होते. पहिल्या वर्षी पीडीएफ नुसता डाउनलोडला ठेवला, लोकांनी प्रिंट काढून भरला, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला, त्यातले निम्मे वाचता येईनात. दुसऱ्या वर्षी त्याच पीडीएफमध्ये भरता येतील असे रकाने टाकले. माझ्या कॉम्प्युटरवर झकास. पोरांच्या फोनवर मात्र तो फाइल उघडणाऱ्या ॲपच्या मर्जीवर, कुठे रकाना दिसतच नाही, कुठे मराठी टाइप केलं की नुसते चौकोन, कुठे "शिंदे" ची वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसते, आणि काहींनी मन लावून भरून सेव्ह केलेला फॉर्म आमच्याकडे उघडला तर कोरा. तिसऱ्या वर्षी फॉर्मचं चित्र पानाच्या मागे लावून त्याच्यावर मोजून मापून रकाने बसवले. हे तर सगळ्यात वाईट निघालं आणि यावरच सगळ्यात जास्त मेहनत गेली होती.

कारण साधं आहे. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद, ब्राउझरच्या हिशोबाने तो साधारण ७९४ पिक्सेल होतो. साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी त्याच हिशोबात ३६० च्या आसपास. म्हणजे कागद निम्म्याहून कमी आकारात कोंबायचा, १० पॉइंटचं अक्षर साडेचार पॉइंटचं होतं. चष्मा लावूनही वाचता येत नाही. मोठं करून बघावं तर उजवीकडचे रकाने पडद्याबाहेर, आणि कोणी फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवलेलं असेल (वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये असतंच) तर चित्र तसंच राहतं, अक्षरं फुगतात आणि सगळं रेघेच्या खाली सरकतं.

यातून बाहेर कशी पडले ते ट्रस्टचं ऑफिस सांभाळणाऱ्या काकांमुळे. मी एकदा म्हटलं काका, मी हा फॉर्म आता पार बदलते, वेबसाइटसाठी नवीनच मांडणी करते. ते म्हणाले, "पोरी, सात नंबरचा रकाना मला न बघता सापडतो, उत्पन्न तिथेच लिहिलेलं असतं, दोनशे फॉर्म मी एका दुपारी चाळतो ते त्याच्या जोरावर. तो हलवू नकोस." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या कागदाची कामं दोन आहेत. एक, भरणाऱ्याला प्रश्न विचारणं. दुसरं, चाळणाऱ्याला उत्तर ठरलेल्या जागी दाखवणं. छापील फॉर्ममध्ये दोन्ही कामं एकच कागद करतो म्हणून आपल्याला ती एकच वाटतात. वेबवर ती वेगळी करायची, प्रश्न फोनला सोयीच्या पद्धतीने एकाखाली एक विचारायचे, आणि भरून झाल्यावर प्रिंट काढताना तीच उत्तरं जुन्या ए४ मांडणीत, जुन्याच रकान्यांत बसवून द्यायची. काकांचा सात नंबर सातच राहतो, म्हणून वेबवरच्या प्रश्नांनाही कागदावरचेच क्रमांक द्या, फोनवर कोणी विचारलं की "अकरा नंबरला काय लिहू" तर दोघांच्या समोर एकच अकरा असतो.

हे ठरल्यावर मी छापील फॉर्म समोर ठेवला, पेन्सिल घेतली आणि वरून खाली एकेक गोष्टीवर खूण करत गेले, ही प्रश्न आहे की ही कागदाची गरज आहे. तुम्ही पण असंच करा, यात सगळं येतं.

"अर्ज काळ्या शाईने ठळक अक्षरांत भरावा", "कृपया मागे पहा", "फोटो येथे चिकटवा", ठिपक्यांच्या रेघा, "कार्यालयीन उपयोगासाठी" ची चौकट, हे सगळं कागदाचं, वेबवरून काढून टाका. ठिपक्यांच्या रेघा तर आधी काढा, कारण दृष्टिहीन मुलं स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात तेव्हा त्यांना ते ठिपके पण वाचून दाखवले जाऊ शकतात. आमच्याकडे दर वर्षी अशी एक-दोन मुलं अर्ज करतात, त्यांनी तो फॉर्म कसा पार केला असेल ते आठवून आजही वाईट वाटतं.

"लागू नसेल ते खोडा" जिथे जिथे असेल तिथे निवडायचे पर्याय द्या, श्री, श्रीमती, कु. यातलं एक. "वरीलप्रमाणे" लिहायची सवय पत्त्याच्या रकान्यात असते, तिथे "कायमचा पत्ता हाच आहे" असा एक टिकमार्क. "रक्कम अक्षरी" सोडून द्या, ती कागदावर खाडाखोड होऊ नये म्हणून असते.

नावाचा रकाना. छापील फॉर्मवर "संपूर्ण नाव (आडनाव प्रथम)" आणि पुढे एक लांब रेघ. वेबवर वेगळे रकाने केले, आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आणि आईचं नाव वेगळं. यातले पहिले दोनच सक्तीचे ठेवा, सगळ्यांनाच मधलं नाव लावायचं नसतं. तुमचा फॉर्म बालवाडी किंवा शाळेचा असेल तर हेही बघा की १ मे २०२४ ला आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरवलाय, जुना फॉर्म उचलून टाकला तर त्यात तो रकानाच सापडणार नाही. आणि बँकेत पैसे पाठवायचे असतील तर पासबुकवर आहे तसं इंग्रजी नाव वेगळं मागा. मराठीवरून इंग्रजी स्पेलिंग आपण बनवायचं नाही, एका अक्षराने पैसे अडकतात.

चौकटी. कागदावर एका चौकटीत एक अंक असं असतं ना, पिनकोडच्या सहा, मोबाइलच्या दहा, तशा सुट्या चौकटी वेबवर केल्या की पेस्ट होत नाही, फोन आपोआप भरून देतो ते चालत नाही, मागे जाऊन खोडता येत नाही. एकच रकाना द्या. त्यात कोणी मध्ये स्पेस दिली, पुढे प्लस एक्याण्णव लावलं तर ते तुमच्या कोडने काढून टाकावं, "चुकीचा नंबर" म्हणून माणसाला परत पाठवू नये.

आकड्यांमध्ये आम्ही बरेच दिवस अडकलो होतो. मराठी कीबोर्डवर टाइप करणारी मुलं पिनकोड ४१६४१६ असा मराठी आकड्यांत लिहायची आणि फॉर्म म्हणायचा "फक्त अंक टाका". त्यांनी अंकच टाकले होते! ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडमध्ये अंक ओळखायची नेहमीची खूण बॅकस्लॅश डी फक्त इंग्रजी आकडे ओळखते, मराठी आकडे तिच्या लेखी अंक नाहीतच. उपाय दोन ओळींचा आहे, तपासणी करायच्या आधी ० ते ९ हे दहा मराठी आकडे इंग्रजीत बदलून घ्या. आणि पिनकोड, मोबाइल, खाते क्रमांक यांना इनपुट टाइप नंबर लावू नका, सुरुवातीचा शून्य उडू शकतो आणि माउसचं चाक फिरलं की आकडा बदलू शकतो. टाइप टेक्स्ट ठेवून इनपुटमोड न्यूमेरिक लावा, फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो, बाकी त्रास नाही.

आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. पासबुकवरून बघून लिहिताना मुलं तिथे इंग्रजी ओ लिहितात, दर वर्षी पंधरा-वीस जण. पाचव्या जागी ओ दिसला की कोडनेच शून्य करून टाका, तेव्हापासून आमचे तेवढे फोन वाचले.

जन्मतारीख. ब्राउझरचा तयार तारखेचा रकाना दिसायला छान, पण ५ जून २००७ ही तारीख एका कॉम्प्युटरवर दिवस-महिना या क्रमाने दिसते आणि दुसऱ्यावर महिना-दिवस या क्रमाने, कारण ते ब्राउझरच्या भाषेवर ठरतं, सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरची भाषा अमेरिकन इंग्रजी असली की मुलगा ६ मे चा होऊन येतो. शिवाय २००७ पर्यंत महिना-महिना मागे जाताना कंटाळा येतो. दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने, महिन्याचं नाव अक्षरात निवडायला द्या. कागदावर "वय (पूर्ण वर्षे)" वेगळं विचारलेलं असतं ते जन्मतारखेवरून काढा.

गुणांचा तक्ता. परीक्षा, बोर्ड, वर्ष, एकूण गुण, मिळालेले गुण, टक्के असे सहा स्तंभ आडवे. फोनवर सहा स्तंभ मावत नाहीत, बोटाने बाजूला सरकवत भरताना दहावीचे गुण बारावीच्या ओळीत जातात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक परीक्षेचा एक गट करा, वर ठळक "दहावी", खाली तिचे रकाने, मग "बारावी", आणि शेवटी "आणखी परीक्षा जोडा" चं बटण. टक्के काढायचं काम कोडला द्या.

दिसण्याच्या दोन गोष्टी डीटीपीवाल्यांकडून खास होतात. रकान्याची उंची आपण मिलिमीटरमध्ये पक्की करतो, तीच सवय सीएसएसमध्ये (वेबपानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये) नेली की "कुलकर्णी" चा रफार वरून कापला जातो आणि "भूषण" चा ऊकार खालून. उंची लिहूच नका, आतली मोकळी जागा द्या, ओळीची उंची अक्षराच्या दीडपट-पावणेदोनपट ठेवा. अक्षर १६ पिक्सेलपेक्षा बारीक ठेवलं तर आयफोन रकान्यावर बोट ठेवलं की पान मोठं करतो, मग माणूस हरवतो. दुसरं, मथळा भरून दिसावा म्हणून अक्षरांत अंतर टाकायची सवय, देवनागरीत लेटर स्पेसिंग टाकलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो, ते शून्य करा. पानाची भाषा एमआर अशी सांगून ठेवा, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

आता "भरला आणि कोरा झाला" वाली तक्रार. याची आमच्याकडे दोन कारणं सापडली आणि दोन्ही मराठीशी संबंधित नाहीत. पहिलं, फोटो आणि गुणपत्रिका. आजकालच्या फोनचा एक फोटो ४-५ एमबीचा सहज असतो, आणि वेबसाइट चालवणाऱ्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेची मुळातली मर्यादा एका फाइलला २ एमबी, सगळ्या फॉर्मला मिळून ८ एमबी. ८ च्या वर गेलं की पीएचपीकडे फॉर्ममधलं काहीच पोचत नाही, नाव नाही, पत्ता नाही, सगळं रिकामं, आणि कोड म्हणतो "नाव भरा". पोरीने भरलेलंच असतं. मर्यादा वाढवा, पण त्याहून चांगलं म्हणजे फोटो पाठवण्याआधी फोनवरच लहान करून घ्या, आणि कागदपत्रं वेगळ्या पायरीवर घ्या, आधी माहिती जमा होऊ दे, अर्ज क्रमांक हातात पडू दे. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात येऊ शकतात, ते पण स्वीकारा किंवा बदलून घ्या.

दुसरं कारण वेळ. पीएचपीचं सेशन, म्हणजे भरणाऱ्याची ओळख लक्षात ठेवायचा काळ, मुळात १४४० सेकंद धरतं, म्हणजे २४ मिनिटं. उत्पन्नाचा दाखला कपाटातून शोधून काढायला, वडील शेतातून येईपर्यंत थांबायला २४ मिनिटं कशी पुरणार? कागद कसा, अर्धा भरून टेबलावर ठेवला तरी रात्री तिथेच असतो. तोच विश्वास वेबवर द्यायला हवा. मी प्रत्येक टप्प्यानंतर माहिती सर्व्हरवर मसुदा म्हणून जमा करते आणि मोबाइल नंबरवर ओटीपी घेऊन परत उघडू देते. ब्राउझरमध्येच साठवणं सोपं आहे पण आमची निम्मी मुलं कॅफेत भरतात, पुढच्या माणसाला आधीच्याचा बँक खाते क्रमांक दिसायला नको. त्याच कारणाने आधार क्रमांकाचा रकानाही विचारपूर्वक ठेवा, छापील फॉर्मवर आहे म्हणून वेबवर घ्यायचाच असं नाही, आम्ही तो काढून टाकला आणि कुठेच अडलं नाही.

मग माहिती आपल्याकडे पोचल्यावरचे घोळ. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली तर ती साठवतानाच गेली, परत मिळणार नाहीत, म्हणून हे पहिल्याच दिवशी तपासा, डेटाबेस, टेबल आणि कनेक्शन तिन्ही यूटीएफ८एमबी४ या अक्षरसंचात हवेत, कनेक्शन हमखास राहून जातं. प्रश्नचिन्हांऐवजी तिरकी रेघ डोक्यावर असलेला इंग्रजी ए आणि त्यामागे चित्रविचित्र खुणा, असं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा माहिती शाबूत असते, वाचताना चुकीची वाचली जातेय.

एक्सेल. यादी सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये) काढून एक्सेलने उघडली की मराठीचा कचरा दिसतो, फाइलच्या सुरुवातीला बीओएम (फाइल युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी छोटी खूण) टाकला की सुटतं. पण खरा धोका खाते क्रमांकाचा आहे. एक्सेल आकड्यातले १५ अंकच धरतं, १६ अंकी खाते क्रमांक डबल क्लिक करून उघडला की शेवटचा अंक शून्य होतो. आणि स्तंभाला नंबरचा फॉरमॅट लावला की वरवर काहीच चुकलेलं दिसत नाही. आमचे एका वर्षी काही मुलांचे पैसे परत आले ते यामुळे, फी भरायची शेवटची तारीख जवळ होती आणि घरोघर फोन करून परत नंबर घ्यावे लागले. खाते क्रमांक, मोबाइल, पिनकोड हे स्तंभ मजकूर म्हणूनच आयात करा, किंवा सरळ एक्सएलएसएक्स फाइल बनवा आणि ते स्तंभ टेक्स्ट ठेवा.

आणि ऱ्य. "दर्या" म्हणजे समुद्र, "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या, मराठीला हा फरक लागतो. पण हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे, म्हणून "वऱ्हाडे" आडनावाची मुलगी यादीत असूनही शोधल्यावर सापडत नाही. साठवताना सगळ्यांचं एकाच पद्धतीत रूपांतर करा. "ॲ" चंही तसंच, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधीच्या सवयीने लोक अ वर वेगळा चंद्र देऊन लिहितात.

शेवटी प्रिंट. भरलेली माहिती ए४ वर आणायला दोन रस्ते आहेत. एक, वेगळं पान बनवा, त्याला मीडिया प्रिंट आणि पेज साइज ए४ चं सीएसएस लावा, इथे मात्र मिलिमीटर मनसोक्त वापरा, डीटीपीचं सगळं कौशल्य इथे कामाला येतं. पण प्रत्येकाचा ब्राउझर आणि प्रिंटर आपापलं मार्जिन लावतो, म्हणून मला दुसरा रस्ता जास्त आवडतो, सर्व्हरवरच पीडीएफ बनवून द्यायचा. यात सावध राहा, पीडीएफ बनवणाऱ्या तयार कोडच्या बऱ्याच लायब्रऱ्यांना देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, "विद्यार्थी" ची वेलांटी आणि रफार सुटे पडतात. एमपीडीएफ या लायब्ररीत ओटीएलची (जोडाक्षरं जुळवायची) सेटिंग चालू केली की जुळतं, आणि हेडलेस क्रोम (खिडकी न उघडता सर्व्हरवर चालणारा क्रोम ब्राउझर) चालवायची सोय असेल तर तो जसं स्क्रीनवर तसंच कागदावर देतो. फोटोची चौकट, सहीची जागा, "कार्यालयीन उपयोगासाठी", वेबवरून काढलेलं सगळं या प्रिंटवर परत येतं. लांब पत्त्यासाठी रकाना वाढू द्यायचा नाही, नाहीतर खालचे सगळे सरकतात, अक्षर एक-दोन पॉइंट बारीक होऊ दे.

फॉर्म उघडायच्या आधी मी ठरलेली माहिती भरून बघते. आडनाव वऱ्हाडे, नाव ज्ञानेश्वरी, गाव कुर्डुवाडी, पिनकोड मराठी आकड्यांत, मोबाइलच्या पुढे प्लस एक्याण्णव, खाते क्रमांक १६ अंकी आणि शेवटचा अंक ७, पत्ता तीन ओळींचा, फोटो ५ एमबीचा. हे सगळं दुकानातल्या मदतनीस मुलाच्या जुन्या फोनवरून, मोबाइल डेटावर, मध्ये अर्धा तास फोन बाजूला ठेवून. मग पीडीएफ काढायचा, प्रिंट मारायची, आणि ती प्रिंट मागच्या वर्षीच्या छापील कोऱ्या फॉर्मवर ठेवून दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरायचे, प्रेसमध्ये रंगांचं रजिस्टर, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसलेत का, ते बघतो तसं. रेघा रेघांवर बसल्या आणि सात नंबर सातवर आला की मी लिंक चालू करते.